नाक्यावर अडलेलं खोगीर

"तीनशे वर्सं झाली म्हनं महाराजांना गादीवर बसून. आन आमचं खोगीर बसलंय माळ्यावर, उंदरांच्या संगतीला."

हे सोजरबाई भिंतीला सांगत होत्या. भिंतीच्या अलीकडे त्यांची बाज, पलीकडे सुनेचा रॉकेलचा स्टोव्ह. ऐंशीच्या घरातल्या सोजरबाई सुनेला थेट कधी काही बोलत नसत. बोलायचं ते भिंतीला बोलत, आणि भिंत इमानानं ते पलीकडे पोचवी. 'चहात साखर कमी हाय' इथपासून 'आता मी काय जगत न्हाई' इथपर्यंत सगळा कारभार भिंतीमार्फतच चाले.

केसरबाईंनी भाकरी उलटली आणि भिंतीलाच उत्तर दिलं, "काढू आत्याबाई. यंदा काढू."

त्या घरात खोगीर म्हणजे काय होतं, ते आधी सांगायला हवं. भोसरीची त्यांची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली. तिच्यामागोमाग विहीर गेली, बैल गेले, गोठा गेला. जुनं घर सोडून नव्या दोन खोल्यांत यायची वेळ आली तेव्हा सोजरबाईंनी भांडी सुनेवर सोडली, देव मुलावर, जयसिंगरावांवर सोडले आणि स्वतः डोक्यावर घेतलं ते खोगीर. जयसिंगरावांचे पणजोबा म्हणे कुण्या सरदाराच्या पदरी शिलेदार होते. लढाईत त्यांचा घोडा पडला, तर खोगीर डोक्यावर घेऊन ते चालत घरी आले. लढाई कुठली ते दर दसऱ्याला बदलायचं, पण घोडा न चुकता पडायचा. दसऱ्याला खोगीर माळ्यावरून उतरे, हळदीकुंकू, झेंडूची माळ, नैवेद्य होई. आळीतली पोरं-बाया पाया पडून जात. इतक्या वर्षांच्या हळदीनं त्याच्यावर बोटभर जाडीचा थर बसला होता.

सोजरबाईंची एकच इच्छा उरली होती. डोळे मिटायच्या आत एकदा ते घोड्याच्या पाठीवर बघायचं.

साल चौऱ्याहत्तर. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी भोसरीत जो तो मावळा झाला होता. फर्स्ट शिफ्टचे मावळे सेकंड शिफ्टच्या मावळ्यांना गेटवर मुजरा करत होते. कंपनीतल्या कामगारांनी मिरवणूक ठरवली, मोशीच्या माळावरून निघून कंपनीच्या मैदानापर्यंत. पुढे लेझीम, मधे पाच घोडेस्वार, मागे पायदळ. सूत्रं साहेबरावांच्या हातात. साहेबराव म्हणजे कंपनीचे स्टोअरकीपर. खिळा जरी मागितला तरी तीन प्रतींत चिठ्ठी मागणारा माणूस.

"घोड्याच्या नालापासून स्वाराच्या मिशीपर्यंत सगळं त्या काळचं पाहिजे," साहेबरावांनी बैठकीत बजावलं. "मागच्या वर्षी नाटकात तानाजीच्या हातात घड्याळ होतं. मी विसरलेलो नाही."

"कपडे मिळतील पुण्यात भाड्यानं. पण घोड्याचं सामान कुठून आणायचं?" कुणीतरी विचारलं. वरातीच्या घोड्यांना आरशांची आणि गोंड्यांची झूल असते. ती घालून लढाईला गेलं तर शत्रू हसूनच मरायचा.

तेव्हा जयसिंगराव उभे राहिले. उंचेपुरे, भरघोस मिशा, टर्नर खात्यात दहा वर्षं.

"खोगिराची काळजी सोडा. अस्सल शिवकालीन खोगीर माझ्या माळ्यावर आहे. सरनोबताच्या घोड्याला ते घालू. आणि घरचं खोगीर, म्हणजे वर बसणार घरचाच माणूस."

घरात ते खोगीर दीडशे वर्षांचं होतं. बैठकीत ते तीनशेचं झालं. टाळ्या पडल्या.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा सोजरबाई बाजेवर उठून बसल्या. भिंतीला न सांगता थेट मुलाला म्हणाल्या, "खरं सांगतुयास? घोड्यावर?"

"घोड्यावर, आये. आणि तू जीपमधून बघायचं, सगळ्यात पुढं बसून."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. केसरबाईंनी ते पाहिलं आणि मनाशी गाठ मारली, की काहीही होवो, ह्या मिरवणुकीत उणं पडता कामा नये.

जयसिंगरावांनी लागलीच रिकिबी करायला घेतल्या. टर्नर माणूस, दोन रिकिबी केल्या त्या मायक्रोमीटर लावून. डावी आणि उजवी ह्यांत केसाचाही फरक नाही, आणि चकाकी अशी की त्यांत बघून दाढी करावी. साहेबरावांनी त्या हातात घेऊन उलटसुलट केल्या.

"जयसिंगराव, ह्यांत पाय घालायचे आहेत की ह्या एक्स्पोर्टला जायच्या आहेत?"

मग त्या रिकिबी चार दिवस शेणात पुरून ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा त्या जुन्या दिसत होत्या, आणि बाकी गुण शेणाचे होते.

खरी भानगड खोगिरानं सुरू केली. माळ्यावरून उतरवलं तर एका कोपऱ्याला उंदरानं खिंडार पाडलेलं. सोजरबाईंनी ते बघण्याआधी केसरबाईंनी खोगीर चादरीत गुंडाळलं आणि 'जरा पुसून आणते' म्हणून थेट काळेवाडी गाठली. बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कंडक्टरनं गाठोड्याकडे बघितलं, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, दवाखान्यात का?"

काळेवाडीत इनायतभाईंचं दुकान. रिक्षांचे हूड, सायकलींच्या सीटा, बँडवाल्यांचे पट्टे, कातडं आणि रेक्झिन ह्यांतलं सगळं ते शिवत. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी खोगीर फळीवर ठेवलं, उंदरानं कुरतडलेली शिवण उसवली आणि आत हात घातला.

मुठीत भाताचं तूस आलं. तुसात वाळकी, तांबूस, पापुद्र्यासारखी सालपटं. आणि काळं बारीक बी.

दुकानात वास पसरला. फोडणीच्या आधी येतो तो.

खोगीरभरती हा शब्द आपण दिवसातून चारदा वापरतो, पण खऱ्या खोगिरात काय भरलेलं असतं ते बघायची वेळ केसरबाईंवर आली ती अशी.

"वहिनी," इनायतभाई म्हणाले, "हे कुणाचं?"

"आमचं. लढाईतलं आहे."

इनायतभाईंनी मान खाली घातली. 

"वहिनी, हे बसायचं नाही. हे लादायचं आहे."

"म्हणजे?"

"ही दोन लाकडं बघा, पुढं एक आणि मागं एक. कैचीसारखी."

"त्यात भाला अडकवतात," केसरबाई म्हणाल्या. बावीस दसरे त्यांनी हेच ऐकलं होतं.

"त्यात पोती बांधतात. दोन्ही बाजूंना एकेक."

"मग हे आकडे? ह्या आकड्याला तलवार, ह्या आकड्याला ढाल..."

"दोरीचे आहेत, वहिनी. माझे चाचा खेडला असली पालाणं शिवायचे. तट्टावर टाकून चाकणच्या बाजारात माल न्यायचा." त्यांनी 'कुठला माल' हे सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. दोघांचेही डोळे भरून आले होते, आणि ते काही भावनेनं नव्हे.

केसरबाई दुकानातल्या अर्धवट शिवलेल्या रिक्षाच्या सीटवर मटकन बसल्या.  ज्याच्यापुढे नवी नवरी म्हणून डोकं टेकवलं, ज्याला वर्षानुवर्षं पुरणाचा नैवेद्य दाखवला, ज्याच्यासाठी एका दसऱ्याला शेजारणीशी सोवळ्यावरून भांडण केलं, ते कांद्याचं पालाण. आणि घरी ती म्हातारी बाजेवर बसून दिवस मोजतेय. जमीन गेली तेव्हा ती रडली नव्हती. हे कळलं तर तिच्याकडे उरलंच काय?

"इनायतभाई, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या."

"मी रिक्षाचे हूड शिवतो, वहिनी. मला काय कळतं घोड्याचं?"

मग त्यांनी तूस सालपटांसकट जसंच्या तसं आत भरलं. नवं भरलं तर आकार बिघडेल म्हणाले. खिंडार शिवलं. वरून लाल मखमलीचं कव्हर चढवलं. मखमल एका रिक्षावाल्यानं हौसेनं आणून टाकली होती आणि पुन्हा न्यायला तो आलाच नव्हता. लाकडी कैच्यांना काळं कापड गुंडाळलं. आता ते खोगीर सिंहासनाच्या धाकट्या भावासारखं दिसत होतं.

घरी आल्यावर सोजरबाईंनी मखमलीवरून हात फिरवला. मग वाकून त्याला नाक लावलं. 

"आतलं हाय त्येच हाय न्हवं? काडलं न्हाई न्हवं काय?"

"नाही आत्याबाई. सगळं जागच्या जागी आहे."

"मंग झालं," म्हणून म्हातारी आडवी झाली.

मिरवणुकीच्या आदल्या रविवारी माळावर तालीम ठेवली. पाच घोडे आले. त्यांतली मुख्य घोडी बरकतभाईंची, नाव बिजली. हे नाव ठेवणाऱ्यानं ती जन्मतःच बघितली असावी, नंतर नाही. बरकतभाई पिंपरीचे, लग्नसराईत घोडी भाड्यानं देत.

"गरीब आहे हो बिचारी," बरकतभाई सांगत होते. "दोन वर्षं झाली वरातीत आहे. त्याआधी माझ्याबरोबर खेडहून माल आणायची पिंपरीच्या मंडईत. ट्रक आले, तो धंदा बसला. बँडच्या पुढं राहून राहून कान गेलेत आता. तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पण बँड वाजला की काय नाचते म्हणता, जमिनीतून समजतं तिला."

खरंच, ढोलावर टिपरू पडताच बिजली नाचायला लागली होती. पुढचे दोन पाय वर, मान वाकडी. जयसिंगराव चार पावलं लांब उभे राहून धीरानं बघत होते.

मग बरकतभाईंनी खोगीर उचललं. उचलताच त्यांचे हात थबकले. त्यांनी ते खाली-वर करून जोखलं, मखमलीवरून अंगठा दाबला, मग कापड गुंडाळलेल्या लाकडी कैचीला बोटांनी चाचपलं. केसरबाईंकडे पाहिलं. केसरबाईंनी आभाळाकडे पाहिलं.

बरकतभाईंनी खोगीर बिजलीच्या पाठीवर ठेवलं आणि तंग आवळला.

बिजलीचं नाचणं जागच्या जागी थांबलं. मान खाली गेली, कान पडले, एक पाय किंचित दुमडला. ढोल वाजतच होता, पण तिला त्याचं काही नव्हतं. सुट्टी संपून कामावर हजर झालेल्या माणसासारखा तिचा चेहरा झाला.

"बसलं का?" साहेबरावांनी विचारलं.

"बसलं," बरकतभाई म्हणाले. "जरा जास्तच बसलं."

"बघा, बघा," साहेबराव सगळ्यांना सांगत सुटले, "तीनशे वर्षांपूर्वीच्या घोड्याचं माप, आणि आजच्या घोडीला तंतोतंत. आपल्या घोड्यांची अवलादच टिकली आहे." पण असं म्हणताना त्यांनी खोगिराच्या बाजूला जायचं टाळलं, आणि बगलेतलं जाड पुस्तक, ज्यात घोडदळाची चित्रं होती, ते उघडलंसुद्धा नाही. केसरबाईंना ते चमत्कारिक वाटलं. एरवी साहेबराव त्या पुस्तकाशिवाय पाणीही पीत नव्हते.

जयसिंगराव चढले. चढले म्हणजे त्यांना तिघांनी चढवलं. पुढची कैची पोटाला आणि मागची कैची पाठीला, मधे जयसिंगराव. फडताळात कोंबलेल्या गादीसारखे.

"कसं वाटतंय?" केसरबाईंनी हळूच विचारलं.

"ऐतिहासिक," ते दातांच्या फटीतून म्हणाले.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळपासून माळ फुलला. दीडशे मावळे, डिंकानं चिकटवलेल्या दाढ्या, बाराबंद्या. पहिल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर सोजरबाई, नवंकोरं लुगडं, कपाळाला बुक्का. मागच्या सीटवर केसरबाई, हातात पाण्याची तांब्या-फुलपात्रं. जीप मुद्दाम घोड्यांच्या बरोबरीनं चालवायची, म्हणजे म्हातारीला खोगीर सगळा वेळ दिसेल, असं ठरलं होतं.

निघताना सोजरबाई जीपमधून उतरल्या. काठी टेकत बिजलीपाशी गेल्या आणि खोगिराला हळदीचं बोट लावलं. मग घोडीच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानाशी काहीतरी पुटपुटल्या. बहिऱ्या घोडीला त्यातलं काय कळलं असेल ते असो.

मैलभर सगळं झकास झालं. शेतातली माणसं बांधावर येऊन बघत होती. नाशिककडून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून सलामी देत होते. जयसिंगराव हलायला जागाच नसल्यामुळे इतके ताठ बसले होते, की लोक म्हणाले, बघा, ह्याला म्हणतात बैठक. सोजरबाई एकटक बघत होत्या. केसरबाईंना वाटलं, निभावलं. आता अर्धा मैल. मग हे परत माळ्यावर जाईल आणि जन्मभर मी तोंड उघडणार नाही.

आणि जकात नाका आला.

रस्त्याच्या कडेला पत्र्याची खोली, आडवा बांबू. मिरवणुकीसाठी बांबू आधीच वर केलेला. लेझीम पुढे निघून गेली. बिजली मात्र बांबूखाली आली, रस्ता सोडून शिस्तीत डाव्या बाजूला झाली, पत्र्याच्या खिडकीला खोगीर समांतर येईल अशी उभी राहिली. आणि उभीच राहिली.

"चल," जयसिंगराव म्हणाले.

बिजलीनं डोळे मिटले.

मागचे चार घोडे थांबले. त्यांच्यामागे पायदळ थांबलं. पायदळामागे एक एसटी थांबली, तिच्यामागे ट्रक. साहेबराव घाम पुसत धावत आले.

"काय झालं? पाहुणे मैदानावर येऊन बसलेत."

दोघांनी लगाम ओढला. चौघांनी मागून ढकललं. घोडी ढिम्म हलेना. गावातल्या देवळाचा दगडी नंदी तिच्यापेक्षा चपळ म्हणावा. गर्दीतून कुणी म्हणालं, घोषणा द्या. दीडशे मावळ्यांनी 'हर हर महादेव' केलं. एसटीतल्या एका बाळानं रडायला सुरुवात केली. बिजलीनं फक्त एक कान हलवला, माशी बसली म्हणून.

खिडकीतून नाक्याचे कारकून खंडूभाऊ बाहेर आले. चष्मा कपाळावर. "अरे, ही तर बिजली," ते खुशीत म्हणाले. मग त्यांची नजर खोगिरावर गेली, सवयीनं हात पुढे झाला, मखमलीवर थाप मारणार तोच तो हवेतच थांबला. बरकतभाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं होतं.

केसरबाई जीपमधून उतरून लगबगीनं बरकतभाईंपाशी गेल्या. "काय झालंय हिला?"

बरकतभाई अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "काही झालेलं नाही, वहिनी. ती कामावर आहे."

"म्हणजे?"

"हा नाका झाल्यापासून मी हिला घेऊन रोज इथं उभा राहायचो. खंडूभाऊ विचारायचे, काय आहे? मी ओरडून सांगायचो. ते पोत्यावर थाप मारायचे आणि ही चालू लागायची. वरातीचं खोगीर असलं की नाही थांबत. पण हे..." त्यांनी मखमलीकडे नजर टाकली, मग जीपकडे. "पाठीवर हे असलं की ही त्या शब्दाची वाट बघते."

"मग सांगा की हळूच कानात."

"कान गेलेत, वहिनी. ओरडावं लागेल. अख्ख्या भोसरीला ऐकू जाईल असं."

केसरबाईंनी वळून पाहिलं. जीप दहा पावलांवर होती.

"खोगीर उतरवा," त्या म्हणाल्या.

"मला आधी उतरवा," वरून जयसिंगराव म्हणाले. ते कैच्यांच्या मधे असे रुतले होते की श्वास घेतला की पोट अडकायचं आणि सोडला की मिशा हलायच्या. दोघांनी पाय धरून ओढलं, तर उजवी रिकीब तेवढी निघून हातात आली. मापाला अगदी बरोबर होती.

केसरबाई धावत जीपपाशी गेल्या. "आत्याबाई, आपण पुढं जाऊन मैदानावर बसू या. ऊन लागतंय तुम्हाला."

"मला न्हाई लागत. माझं खोगीर हितं हाय, मी बी हितंच."

त्या परत फिरल्या. एव्हाना घोडीभोवती कोंडाळं जमलं होतं, आणि सगळेजण कुजबुजत होते. मिरवणुकीत इतकं हळू कुणी कधी बोललं नसेल.

"दुसरा एखादा शब्द चालतो का बघा ना," साहेबराव म्हणाले.

खंडूभाऊंनी हातांचा कर्णा केला आणि बिजलीच्या कानात ओरडले, "गूळ!"

काही नाही.

"शेंगा! बाजरी! बटाटा!"

बटाट्याला तिनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"दुसरा शब्द म्हणजे?" केसरबाईंनी साहेबरावांकडे रोखून पाहिलं. "पहिला शब्द तुम्हाला कुणी सांगितला?"

साहेबरावांनी बगलेतलं पुस्तक दुसऱ्या बगलेत घेतलं. "वहिनी, पुस्तकात चित्रं आहेत हो. पान एकशे बारा. लष्कराच्या मागून जे बाजारबुणगे जातात, त्यांच्या तट्टावर अगदी हेच... पण म्हटलं, म्हातारीच्या जिवाला लागेल. मी ते पान डकवून टाकलं."

"माझ्या लक्षात तर उचलल्याबरोबर आलं," बरकतभाई म्हणाले. "पण मोठ्या बाईंचं तोंड बघितलं आणि गप्प बसलो."

"हे सगळं मला आधीच माहीत आहे," वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. जयसिंगराव फेटा सावरत, कुठेच न बघता बोलत होते.

"बापानं जाताना सांगितलं. म्हणाला, लढाई-बिढाई काही नाही. पण आईला कळू देऊ नको, तिचा जीव आहे त्यात."

 ज्या गुपितासाठी केसरबाईंनी महिनाभर झोप घालवली, इनायतभाईंना शपथ घातली, ते गुपित नवऱ्याच्या पोटात वीस वर्षं होतं. आणि हा माणूस दर दसऱ्याला लढाया बदलत होता! त्यांना एकदम हसूही आलं आणि त्याला दोन रट्टे द्यावेसेही वाटले. पण तो पोचण्याच्या उंचीवर नव्हता.

मागे एसटीचा ड्रायव्हर खाली उतरला होता. उन्हानं मावळ्यांच्या दाढ्या सुटायला लागल्या होत्या. एकाची दाढी गळ्यात लोंबत होती. लेझीमवाले पुढून परत आले होते आणि विचारत होते, काय झालंय, आणि ज्याला विचारावं तो जमिनीकडे बघत होता. सगळ्यांना माहीत होतं. घोडीलासुद्धा. जीपमधल्या त्या एका म्हातारीला सोडून सगळ्या भोसरीला माहीत होतं, आणि एकाचंही तोंड उघडत नव्हतं.

केसरबाईंनी डोळे मिटले. आता आपणच सांगावं. जवळ जाऊन, हात हातात घेऊन. आत्याबाई, एक सांगू का? त्या वळल्या.

सोजरबाई जीपमध्ये उभ्या होत्या. एका हातानं समोरची काच धरलेली, दुसऱ्या हातात काठी, पदर खांद्यावरून ढळलेला.

"काय रं, काय चाललंय मगाधरनं कुजूकुजू?" त्या म्हणाल्या, आणि ह्या वेळी मधे भिंत नव्हती. "गूळ काय, बटाटा काय! मला कान न्हाईत व्हय? नाक न्हाई व्हय? साठ वर्सं हळद लावतीया मी त्येला. हळदीखालनं वास येत न्हाई का मला? लडाई तुज्या मामंजींनी जोडली गं केसर, मला बघाया आले तवा. मला काय लडाईशी लगीन लावायचं हुतं? ह्याच्यावर माल वाहून माझ्या सासऱ्यानं दुष्काळात सात तोंडं जगवली. हळद त्येची हाय. लेकाला शिलेदार व्हायची हौस, म्हनून मी आपली गप बसले, तर तुमी समदेच गप."

 जयसिंगरावांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

म्हातारीनं काठी घोडीकडे रोखली. शिवाराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला हाक मारायचा तो जुना, शेतातला आवाज लावला.

"कांदा हाय, कांदा! मार रं खंडू थाप, आन सोड तिला!"